लेबेनेनं न दिलेलं मत

लेबेने दोत्सेच्या ओसरीवर माझं शिलाई मशीन आहे, म्हणून तिच्याबद्दल केटात, समुद्र आणि खाऱ्या तळ्याच्या मधल्या आमच्या या गावात, सगळ्यांपेक्षा जास्त मला ठाऊक असणार असं लोक धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. मशीन ओसरीवर, तिची खोली आत, मधे एक खिडकी. खिडकीतून जेवढं ऐकू आलं तेवढं मला ठाऊक. बाकीचं तिनं दुपारी माझ्याजवळ बसून, आबोलो, म्हणजे मक्याची वाफवलेली भाकरी, आणि तळलेली मासळी खाता खाता सांगितलेलं.

ती मूळची इथलीच. शाळेत हुशार, बोलायला कमी. राजधानीत, अक्राला गेली, बँकेत लागली. तिथं तिचं काम होतं कर्जाचे अर्ज वाचायचं. कोण खरं बोलतंय, कोण फेकतंय, कोण खरं बोलूनही बुडणार आहे, हे कागदावरून ओळखायचं. मग ती बँकच बंद पडली, आणि त्याच सुमाराला तिच्या आईनं अंथरूण धरलं. लेबेने परत आली. आईला पुरल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही जाणार. ती गेली नाही. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारणारे गावात पुष्कळ होते.

लवकरच गावात कुजबूज सुरू झाली. दिवसभर दार लोटून लॅपटॉपसमोर बसणारी बाई, नोकरी नाही, दुकान नाही, आणि तरी चूल पेटते. म्हणजे काय समजायचं? मासळीवाली आब्ला तर टोपली उतरवता उतरवता मला मोठ्यानं म्हणाली, लेबेनेला ऐकू जाईल अशा बेतानं, "कोसिवा, तुझी घरमालकीण म्हणे परदेशातल्या म्हाताऱ्यांना प्रेमपत्रं लिहिते. मलाही शिकव म्हणावं. इंग्रजी मोडकं आहे माझं, पण मन साफ आहे!"

खिडकीतून आवाज आला, "आब्लाला सांग दावी, मी प्रेमपत्रं लिहीत नाही, नुसती वाचते. आणि बहुतेकांना नकार कळवते."

दावी म्हणजे मोठी बहीण. मी तिच्याहून दहाबारा पावसाळे जास्त पाहिलेले, म्हणून ती मला तसं म्हणायची.

ती जे सांगत होती ते खरंच होतं, हे मला पुढे कळलं. जगभरच्या काही हजार लोकांची एक मंडळी होती. तिला कचेरी नाही, साहेब नाही, दारावर पाटी नाही. कॉम्प्युटरात कुठंतरी पैशांची एक समाईक पेटी, आणि मंडळीची टोकनं, म्हणजे पैसे घालून घेतलेले हिस्से, ज्याच्याजवळ असतील त्याला त्या पेटीचं काय करायचं यावर मत. ज्याच्याजवळ टोकनं जास्त, त्याच्या मताला वजन जास्त.

"म्हणजे शेवटी श्रीमंताचंच चालणार," मी म्हटलं.

"बरेचदा," लेबेने म्हणाली. "म्हणून तर आम्ही आहोत."

आम्ही म्हणजे छाननी समिती. पेटीतून मदत हवी असेल त्यानं आपला प्रस्ताव मंडळीच्या फळ्यावर लावायचा. फळा म्हणजे सगळ्यांना दिसणारं पान, तेही कॉम्प्युटरातच. खाली कुणीही प्रश्न विचारावेत. पण हजारो लोकांना सगळे प्रस्ताव कुठून वाचून होणार? म्हणून टोकनवाल्यांनी मतं देऊन पाच जण निवडले होते. त्या पाचांनी प्रत्येक प्रस्ताव शेवटपर्यंत वाचायचा. आपापलं मत आधी एकट्यानं लिहायचं, दुसऱ्याचं न बघता. मग सगळ्यांनी एकत्र बोलायचं, भांडायचं, आणि शिफारस करतो की नाही ते कारणांसकट फळ्यावर लावायचं. त्यानंतर टोकनवाल्यांचं मतदान.

"आम्ही काही ठरवत नाही," ती म्हणायची. "आम्ही फक्त वाचतो." पण या पाचांनी नको म्हटलेल्याला क्वचितच कुणी मत द्यायचं, हेही तिनंच सांगितलं.

आई गेल्यावर वेळ जाईना, तेव्हा ती फळ्यावरचे प्रस्ताव वाचायला लागली होती आणि खाली प्रश्न लिहायला लागली होती. कुणी सांगितलं नव्हतं. पण प्रश्न असे नेमके, आणि इतक्या सभ्यपणे विचारलेले, की लोक तिचं नाव ओळखायला लागले. समितीत जागा झाली तेव्हा ती उभी राहिली आणि निवडून आली. गावात कुणाला पत्ता नाही. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी केक आणला आणि आम्ही दोघींनीच खाल्ला.

समितीतल्या बाकीच्या चौघांचे चेहरे तिनं कधी पाहिले नाहीत. नुसते आवाज, आणि आवाजापुढे एकेक चित्र. त्यातल्या एकाचं चित्र बगळ्याचं होतं, म्हणून मी त्याला बगळाच म्हणायची. कोरडा, खोकणारा म्हातारा आवाज. सगळ्याला नाही म्हणणारा. लेबेनेचं आणि त्याचं दर वेळी जुंपायचं. ती म्हणायची, हा माणूस प्रामाणिक आहे, फक्त लिहिता येत नाही त्याला. तो म्हणायचा, लिहिता येत नाही त्याला हिशेब तरी देता येईल का? आणि भांडण भरात आलं की लेबेने हसायची. त्या घरात तिचं हसणं मी ऐकलं ते फक्त त्या खिडकीतून, त्या बैठकीच्या दुपारी.

"कोण गं तो?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही."

"कुठला?"

"तेही माहीत नाही. माझी दुपार असते तेव्हा त्याच्याकडे सकाळ असते. पाठीमागे कुणीतरी भांडी घासत असतं."

"बायको असेल."

"असेल," ती म्हणाली, आणि मासळीचे काटे काढत बसली.

मग गामेलीचं प्रकरण झालं.

गामेली क्पोदोचं फोनदुरुस्तीचं दुकान आमच्या ओसरीच्या समोर, रस्त्यापलीकडे. बडबड्या, हसरा, कुणाच्याही मयताला सगळ्यांत आधी हजर. लेबेने आणि तो एकाच वर्गात होते. एका वर्षी पाऊस थांबेना, तळ्याचं खारं पाणी चढलं आणि शेजारच्या आन्लोगाच्या बाजूचे बारीक कांद्यांचे वाफेच्या वाफे रातोरात बुडाले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. तळ्यात ठिकठिकाणी खांब रोवायचे, त्यावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवायचं, आणि पाणी चढायला लागलं की गावोगावच्या फोनवर आमच्या एव्हे भाषेत आवाज गेला पाहिजे: उठा, कांदे काढा, होड्या वर ओढा. कल्पना चांगली होती. सरकारी दारं ठोठावून झाली. शेवटी इंटरनेटवर त्याला ही मंडळी सापडली, मंडळीचा फळा सापडला, आणि समितीच्या नावांत लेबेने दोत्से हे नाव सापडलं.

दुसऱ्याच दिवशी तो आला. सोबत मामागा, म्हणजे आमच्या बायकांच्या मुख्य, पांढऱ्या मण्यांची माळ घालून. आणि कांदे लावणारी यावा. हातात जिनची बाटली, कागदात गुंडाळलेली, कुणाच्या दारी काही मागायला जाताना रीतीनं नेतात तशी. मी मशीन थांबवलं.

लेबेनेनं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, मग रीतीप्रमाणे आल्याचं कारण विचारलं. गामेलीनं सांगितलं. चांगलं अर्धा तास सांगितलं. लेबेने खाली बघत ऐकत होती. तो थांबल्यावर म्हणाली, "मामागा, माफ करा. हा प्रस्ताव मला वाचता येणार नाही."

"चष्मा लागलाय का?" मामागांनी विचारलं.

"नाही. मी गामेलीला ओळखते. ओळखीच्या माणसाचा प्रस्ताव आला की तसं सांगायचं आणि उठून बाहेर जायचं, असा आमचा नियम आहे. बाकीचे चौघं वाचतील."

"अगं बाई, ओळखतेस म्हणून तर आलो. अनोळखी असतो तर कशाला आलो असतो?"

यावा हसली. गामेली नाही हसला. "लेबेने, मत नको देऊस. निदान एकदा नजर तरी टाक. कुठं चुकलंय ते सांग."

"तेही नाही चालत रे."

"म्हणजे माझ्या दारात विहीर, आणि मी तहानेनं मरायचं?"

मामागांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग टेबलावरची बाटली उचलून यावाच्या हातात दिली. आणलेली बाटली परत नेताना मी केटात त्याआधी कुणाला पाहिलं नव्हतं.

गामेलीनं प्रस्ताव फळ्यावर लावला. लेबेनेनं त्याच दिवशी समितीला लिहून कळवलं की हा माणूस माझ्या गावचा, माझ्या वर्गातला. मी यातून बाजूला होते. ते पत्रही फळ्यावर लागलं. पण फळा सगळ्यांना दिसतो, तसा तिलाही दिसत होता. बघू नको असा काही नियम नव्हता. ती दिवसभर तेवढंच बघत असायची.

बगळ्यानं पहिला प्रश्न विचारला: पेटीतून निघालेली रक्कम ज्या खात्यात जाईल, त्याच्या किल्ल्या कुणाकडे राहतील?

गामेलीनं मोठ्या अभिमानानं उत्तर लिहिलं: माझ्याकडे. केटामध्ये कुणालाही विचारा, सगळे मला ओळखतात.

लेबेने ओसरीवर आली. माझी कात्री उचलली, ठेवली. "दावी, तो एका वाक्यात बुडाला," ती म्हणाली. "तीन माणसांची नावं हवीत. तीन किल्ल्या, आणि दोघांच्या सहीशिवाय काही हलायचं नाही. एवढंच त्याला विचारतायत."

समोर गामेली दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकाशी खिदळत होता. वीस पावलंही नसतील.

"मग सांग ना जाऊन."

"नाही सांगता येत."

"मी जाते. मला कुठं नियम आहे?"

"तू सांगितलंस तरी ते मीच सांगितलेलं असेल."

असं आठवडाभर चाललं. बगळा विचारायचा, दुसऱ्या वर्षी खांबांची देखभाल कोण करणार? गामेली लिहायचा, देव करील आणि मी करीन. कुणीतरी विचारायचं, तळ्याच्या पूर्वेकडच्या गावांचं काय? तो लिहायचा, त्यांना नंतर घेऊ. प्रत्येक उत्तर इथं ओसरीवर ऐकलं असतं तर आम्ही मान डोलावली असती. तिकडं ते ऐकणाऱ्यांना गामेली म्हणजे नुसतं एक नाव होतं.

बैठकीच्या दुपारी ती नेहमीसारखी आत बसली, दोन वाक्यं बोलली आणि लॅपटॉप मिटून बाहेर आली. माझ्याजवळच्या स्टुलावर बसली. आत चौघं बोलत असणार, आणि तिच्या घरात अगदी सामसूम. मी एका झग्याची बाही लावून संपवली. तिनं हातही हलवला नाही.

निकाल आला: दोन हो, दोन नाही. बरोबरी झाली की शिफारस नाही. नाही म्हणणाऱ्यांचं कारण बगळ्यानं लिहिलं होतं. लेबेनेनं मला ते आमच्या भाषेत वाचून दाखवलं: हा प्रस्ताव एका गावासाठी आहे, पण यात एकाच माणसाशिवाय कुणी दिसत नाही. तो माणूस उद्या आजारी पडला तर काय?

गामेलीनं हट्टानं तो तसाच मतदानाला नेला. फार कुणी मतच दिलं नाही. कोरमही भरला नाही, म्हणजे लागतात तेवढी मतंही पडली नाहीत.

आता दोनात एक मिळवला की तीन होतात, हे केटात शाळेत न गेलेल्यांनाही कळतं. आब्लानं टोपली उतरवली नाही, डोक्यावर ठेवूनच बोलली, "आपलीच पोरगी तिथं खुर्चीवर. एक हात वर करायचा होता. एक हात! हाताला काय झालं होतं?"

मी लेबेनेला म्हटलं, "तू लोकांना समजावून सांग. तू नाही म्हटलं नाहीस, तू मतच दिलं नाहीस, ते वेगळं."

"आणि त्यांनी विचारलं, दिलं असतंस तर काय दिलं असतंस? मग?"

"मग काय. हो म्हणाली असतीस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाही, दावी. मीही नाहीच म्हटलं असतं. बगळ्यानं लिहिलंय तेच लिहिलं असतं, थोडं गोड शब्दांत."

मी मशीनला तेल घालत बसले.

गावानं तिला वाळीत टाकलं असं मी म्हणणार नाही. कुणी शिवी दिली नाही. चर्चमध्ये लोक हात मिळवायचे. पण पुढच्या महिन्यात यावाची सासू वारली. मोठी मयत. बायकांच्या मंडळानं सगळ्यांसाठी एकसारखं कापड घेतलं, काळ्यावर तांबड्या वेलींचं, आणि ते शिवायला माझ्याकडे आलं. म्हणजे लेबेनेच्याच ओसरीवर. गठ्ठ्यात प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी लावलेला तुकडा होता. तिचा नव्हता.

ती बाहेर आली, एक तुकडा बोटांत धरून पाहिला. "छान रंग आहे."

"मी मंडळाला सांगते, एक तुकडा कमी पडलाय म्हणून."

"नको. मयताचं कापड मागून घ्यायचं नसतं."

शनिवारी ती स्वतःचा जुना काळा झगा घालून गेली, मागच्या बाकावर बसली आणि जेवायच्या आधी परत आली. दुपारी खिडकीतून बैठकीचे आवाज आले. एरवी ती भांडली असती. त्या दिवशी मी तिचा आवाज एकदाच ऐकला.

त्या वर्षी पाणी पुन्हा चढलं, आदल्या खेपेइतकं नाही, पण यावाचे वाफे गेले. लेबेने आन्लोगाला जाऊन आली. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली. पाय न धुता ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. "कांदे पाण्यात शिजल्यासारखे झालेत, दावी. पूर्ण शेताला वास येतोय. आणि यावा मला म्हणाली, ये, बस, पाणी पी. एवढंच म्हणाली."

पुढच्या बैठकीत तिनं सांगितलं की मी समिती सोडते. खिडकी उघडी होती. माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं मला कळलं. मग बगळा खोकला. म्हणाला, म्हणजे आता तू लिहिणाऱ्यांच्या रांगेत उभी राहणार. आम्ही तुलाही नाही म्हणू शकतो, हे लक्षात आहे ना?

"म्हणायलाच पाहिजे," लेबेने म्हणाली.

बाकीच्यांनी आभार मानले. एक जण रडतेय असं वाटलं. त्या दिवसापासून त्या चौघांशी एक शब्द खाजगीत बोलायची तिला मुभा नव्हती. जो प्रस्ताव लिहितो त्यानं समितीशी फक्त फळ्यावर, सगळ्यांसमोर बोलायचं. तेव्हा दुपारी खिडकीतून येणारे आवाजही बंद झाले. इतकी वर्षं कानावर पडणारं काही एकाएकी थांबलं की मशीनचा आवाज जास्त येतो.

ती रस्ता ओलांडून गामेलीच्या दुकानात गेली. मी मागोमाग गेले. मला फोनचं झाकण बदलायचं होतं, असं धरून चला.

गामेलीनं मान वर केली नाही. "आता काय, माझ्या दुकानाची छाननी?"

"मी समिती सोडली."

"का? आता कुणाचं वाटोळं करायचं राहिलं नाही?"

"तुझा प्रस्ताव पुन्हा लिहू या."

त्यानं स्क्रू काढायचं हत्यार खाली ठेवलं. "तेव्हा आलो होतो ना मी? मामागांना घेऊन आलो होतो. त्या वयात त्या तुझ्या दारात आल्या, आणि तू काय म्हणालीस?"

"आठवतंय."

"सगळं गाव मला ओळखतं, लेबेने. त्या लोकांना आणखी काय पाहिजे होतं?"

"गाव ओळखतं रे. मत देणारा नाही ओळखत. त्याला तू दिसत नाहीस, तुझं दुकान दिसत नाही, तू कुणाच्या मयताला खड्डा खणलास ते दिसत नाही. त्याला एक नाव दिसतं. पैसे घेऊन पळून गेलेल्यांनाही नावं होतीच की."

गामेलीनं हत्यार पुन्हा उचललं. मग मला म्हणाला, "आणि तुझं काय काम आहे गं?"

"झाकण," मी म्हटलं.

पुढचे काही महिने ती दोघं तळ्याभोवतीची गावं फिरली. पूर्वेकडचीसुद्धा. कांदेवाल्या बायकांत बसली, होडीवाल्यांत बसली. खांबांवर कोण लक्ष ठेवणार ते होडीवाल्यांनीच वाटून घेतलं. ते तसेही रोज तिथून जातात. किल्ल्या तिघांकडे राहतील असं ठरलं: गामेली, यावा, आणि पूर्वेकडच्या एका गावातला शाळामास्तर. फिरताना गामेली लेबेनेशी कामापुरतं बोलायचा. संध्याकाळी होडीवाल्यांबरोबर गूळपाण्यासारखी गोड ताडी प्यायला बसायचा तेव्हा तिला बस म्हणायचा नाही, आणि ती शेअर टॅक्सीनं एकटी घरी यायची.

प्रस्ताव दुसऱ्यांदा फळ्यावर लागला. खाली लेबेनेनं आपलं नाव घालून उघड लिहिलं की मी पूर्वी या समितीत होते आणि हा लिहायला मी मदत केली आहे. मांडणारा मात्र गामेलीच, म्हणून ओळखीचा नियम समितीला लागला नाही. बगळ्यानं प्रश्न विचारले, पहिल्यापेक्षा कडक. तिला "माजी सदस्य" म्हणून संबोधलं. ते वाचून ती एकदा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. "बघ, दावी. जसं काही आम्ही कधी भेटलोच नाही."

"भेटलात कुठं?" मी म्हटलं, आणि म्हणून गेल्यावर जीभ चावली.

या खेपेला चौघांनी हो म्हटलं, तिच्या जागी आलेल्या नव्या माणसानंसुद्धा. एक नाही आला. तो बगळ्याचा. त्यानं लिहिलं होतं: प्रस्ताव चांगला आहे, पण आपण तो चांगला आहे म्हणून नव्हे, तो लिहिणाऱ्या हाताला आपण ओळखतो म्हणून विश्वास टाकतोय. मला माझ्या स्वतःच्या 'हो'ची खात्री वाटत नाही, म्हणून नाही म्हणतो.

मला राग आला. "काय माणूस आहे! इतकी वर्षं तुझ्याबरोबर काम केलं."

"म्हणूनच तर," लेबेने म्हणाली. "बरोबर आहे त्याचं." आणि दिवसभर तिचा चेहरा असा होता, जणू कुणी तिला काही मोलाचं देऊन गेलंय.

मतदानाला आठवडा होता. एका बड्या टोकनवाल्यानं पहिल्याच दिवशी विरोधात मत टाकलं, आणि त्याच्या एकट्याच्या वजनानं काटा खाली गेला. मग हळूहळू लहानसहान लोकांची मतं जमत गेली. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली, ज्यांनी केटाचं नावही ऐकलं नसेल. शेवटच्या दिवशी प्रस्ताव मंजूर झाला. गामेली दुकानातून ओरडत रस्त्यावर आला आणि समोर आलेल्या पहिल्या माणसाला त्यानं मिठी मारली. ती आब्ला होती. मासळी सांडली.

मतदान संपल्यामुळे आता बोलायला मोकळीक होती. लेबेनेनं बगळ्याला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही. उत्तर आलं नाही. नंतर कळलं, त्यानंही समिती सोडली होती, आणि बगळ्याच्या चित्रामागं कोण होतं हे बाकी चौघांनाही ठाऊक नव्हतं. आजारी होता का, कंटाळला होता का, कुणाला विचारणार? काही दिवस ती सकाळी उठल्याउठल्या लॅपटॉप उघडायची. मग तेही थांबलं.

पहिला खांब रोवला त्या दिवशी तळ्याकाठी समारंभ झाला. आग्बाजा नाचाचे ढोल, आक्प्ले म्हणजे मक्याच्या पिठाचे गोळे आणि खेकड्याचा रस्सा, मामागा छत्रीखाली. गामेलीनं भाषण केलं. तो बोलायला पटाईत. त्यानं होडीवाल्यांचे आभार मानले, यावाचे मानले, दूरदेशीच्या मंडळीचे मानले, आणि शेवटी म्हणाला, "जे आमच्या बाजूनं उभे राहिले त्यांचे आभार. आणि जे सुरुवातीला बाजूला उभे राहिले, त्यांचेही!"

लोक हसले. मागं वळून लेबेनेकडे बघत हसले. द्वेष नव्हता त्यात. गावाला एक विनोद मिळाला होता आणि गाव तो सोडणार नव्हतं. लेबेनेही हसली. टाळ्या वाजवल्या. मग माझ्या कानाशी म्हणाली, "दावी, मी पुढे होते. तू जेवून ये."

मी जेवून आले. मला ते अजून खटकतं, पण खेकडे चांगले होते, आणि तिनं सांगितलं होतं.

समितीच्या पुढच्या निवडणुकीत ती उभी राहिली नाही. लोमेला, सीमेपलीकडे टोगोत, बाजारातल्या बायकांची एक बचत संस्था आहे. तिथं अर्ज वाचायला कुणी हवं होतं. फ्रेंच तिला कामापुरतं येत होतं. एका सकाळी दोन बॅगा घेऊन ती निघाली. घराची किल्ली माझ्याकडे दिली. खोली झाडत जा म्हणाली, खिडकी अधूनमधून उघडत जा.

या पावसात पाणी चढलं तेव्हा फोन वाजले. आन्लोगाच्या बायकांनी कांदे वेळेत काढले, यावानंही काढले. तिनं मला एक टोपली आणून दिली, ओसरीवर ठेवली, आतल्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आहे का ती?"

"लोमेला आहे."

"हो का," ती म्हणाली. "मला वाटलं, इथंच असेल."

रविवारी लेबेनेचा फोन येतो. मी तिला कांद्यांचं सांगितलं. ती म्हणाली, छान झालं. पूर्वेकडच्या गावांना फोन गेले का? गेले, मी म्हटलं. तिकडून मोटारसायकलींचे भोंगे ऐकू येत होते.

"तुझ्याकडे कुणी येतं-जातं का?" मी विचारलं.

"शेजारीण आहे एक. टोगोची नाही, बेनिनची. तिची भाषा मला नीट कळत नाही. पण चांगली आहे."

"जेवलीस?"

"जेवते आता," ती म्हणाली.